घड आणि घडी

(दृश्य: दिंडोरी तालुका. द्राक्षबागेच्या बांधावर टाकलेला सडका माल, वर चिलटांचा थवा.)

अवकाळी पाऊस झाला, मण्यांना तडे गेले की घड पेटीत जात नाही, बांधावर जातो. मग चिलटं जमतात, आंबूस वास सुटतो. चिलटं दिसतात. वासामागचं यीस्ट दिसत नाही. पेशी उन्हाला कशी तोंड देते, हे शास्त्राला कळलं ते बरंचसं या दोघांमुळे.

१९६०च्या आसपास इटलीत नेपल्सला फेरुच्चो रितोसा हे शास्त्रज्ञ या चिलटांच्याच जातभाईंवर, ड्रोसोफिलावर, काम करत होते. अळीच्या लाळग्रंथीतली गुणसूत्रं सूक्ष्मदर्शकाखाली बघायची. एकदा कुणीतरी उबवणपेटीचं तापमान वाढवून ठेवलं. रितोसांना गुणसूत्रांवर भलत्याच जागी फुगवटे दिसले. गरम होताच काही जनुकं झटक्यात कामाला लागली होती! एका नामवंत नियतकालिकानं लेख साभार परत केला. १९६२ मध्ये तो दुसरीकडे छापून आला. त्या जनुकांतून बनणारी 'हीट शॉक' प्रथिनं सापडायला मात्र १९७४ उजाडलं.

(दृश्य: गाडीवर उकडलेली अंडी सोलणारे हात.)

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब माळ. तिची नीट घडी बसली तरच ती कामाची. पाण्याशी न जमणारे तिचे भाग घडीच्या आत दडलेले असतात. उष्णता वाढली की घडी सैल पडते, ते भाग उघडे होतात आणि एकमेकांना चिकटतात. अंडं उकडल्यावर घट्ट होतं ते असंच. आणि उकडलेलं अंडं काही परत पातळ होत नाही.

पेशीत मात्र होतं.

सुझन लिंडक्विस्ट या जीवशास्त्रज्ञ आधी ड्रोसोफिलावर काम करायच्या, पुढे यीस्टकडे वळल्या. यीस्ट थेट ५० अंशांत टाकलं तर जवळपास सगळं मरतं. आधी थोडा वेळ ३७ अंशांत ठेवलं, तर पुष्कळ जगतं. यामागे एचएसपी१०४ हे हीट शॉक प्रथिन आहे, असं त्यांच्या प्रयोगशाळेनं १९९० मध्ये दाखवलं. सहा नगांचं हे कडं. गुंत्यातली माळ ते मधल्या भोकातून ओढून काढतं, सुईच्या नेढ्यातून दोरा ओढावा तसं. सुटलेली माळ पुन्हा घडी व्हायला मोकळी. या प्रथिनावर माझा जरा जास्तच जीव आहे, लपवत नाही.

प्राण्यांत ते नाही. चिलटांत नाही, तुमच्या-आमच्यात नाही. वनस्पतींत आहे, एचएसपी१०१ या नावानं.

(दृश्य: एप्रिल. खरड छाटणी झालेली बाग, कोवळी फूट.)

खरड छाटणीनंतरची फूट येते ती ऐन उन्हाळ्यात. सकाळी आठला पान कोमट असतं, अकराला तापतं, दोनला हात लावून बघा. पान तापत जातं तसतशी आत ती कडी तयार होत असतात.

बांधावरचा माल आता वाळून गेलाय. चिलटं केव्हाच सावलीला गेलीत. वेल जागची हललेली नाही.