बॉनेटखालचं बिऱ्हाड

(दृश्य: शेडचं दार सरकतं. धुळीने माखलेला ट्रॅक्टर. फक्त किल्लीचा आवाज.)

किल्ली फिरवली. सेल्फ घुरघुरला, इंजिनाने एक उचकी दिली आणि गप्प झालं. पुन्हा किल्ली, पुन्हा उचकी. तिसऱ्या खेपेला इंजिन लागलं खरं, पण सायलेन्सरमधून काळा धूर निघाला आणि दोन मिनिटांत कुठून तरी केस जळाल्यासारखा वास यायला लागला.

अशा वेळी आधी डिझेलला दोष मिळतो, मग बॅटरीला. बॉनेट उघडायची आठवण सगळ्यात शेवटी होते.

इंजिन बंद करू, जरा निवू देऊ, आणि उघडू.

(दृश्य: बॉनेट वर. कॅमेरा एअर क्लीनरच्या डब्याजवळ.)

या डब्याचं झाकण काढलं की आत फिल्टर दिसायला हवा. इथे दिसतोय एक गोळा, दोन मुठींएवढा. अजून जवळ जाऊ. हे पिवळे कण सीटच्या फोमचे. ही राखाडी लव बॉनेटच्या आतल्या अस्तराची. गवताच्या काड्या उभ्या चिरून अगदी दोऱ्यासारख्या बारीक केल्यात. गठ्ठे बांधायच्या सुतळीचा एक निळा धागाही विणलाय मधे. हातमोजा घातलेल्या बोटाने वरचा थर बाजूला केला, तर आत पाच पिल्लं. गुलाबी, डोळे मिटलेली, करंगळीच्या पेराएवढी.

कारागिरी म्हणून बघाल तर दाद द्यावी अशी. पण इंजिनाला हवा मिळत नव्हती ती यामुळेच, आणि काळा धूरही त्याचाच. केस जळाल्यासारखा वास मात्र वेगळा. तो एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर, म्हणजे इंजिनातला तापलेला धूर गोळा करून बाहेर नेणाऱ्या नळ्यांवर, पडलेल्या काडीकचऱ्याचा. दुसऱ्या घराचा पाया तिथे घातला जात होता.

(दृश्य: रात्र. शेडच्या भिंतीला लागून धावणारा उंदीर.)

हा आहे घरात आढळतो तोच छोटा उंदीर. वजन साधारण 15 ते 25 ग्रॅम. पेन्सिल आत जाईल अशी फट, म्हणजे 6 मिलिमीटर, त्याला दारासारखी आहे. मादी 19 ते 21 दिवसांत विते, एका वेळी साधारण पाच-सहा पिल्लं होतात, आणि ती पिल्लं सहा आठवड्यांत स्वतः विण्याजोगी होतात. ट्रॅक्टर दोन-तीन महिने उभा राहिला, तर पहिल्या बाळंतपणातल्या लेकी तोवर आया झालेल्या असू शकतात.

त्याला ट्रॅक्टरमध्ये काय मिळतं? खायला फारसं काही नाही. त्याला मिळतो अंधार, कोरडेपणा आणि कोणी ढवळाढवळ न करणारी जागा. बंद बॉनेटखाली हे तिन्ही आयतं आहे. आणि एक गोष्ट आपल्या कामाची: हा उंदीर घरापासून फार लांब जात नाही. त्याचा फेरा बहुतेक 3 ते 10 मीटरचा. म्हणजे इंजिनात बिऱ्हाड असेल, तर त्याची पोटापाण्याची सोय पंधरा पावलांच्या आत कुठेतरी आहे. सांडलेलं धान्य, बियाण्याची फाटकी गोणी, गुरांचं खाद्य, नाहीतर कापणीनंतर ट्रॅक्टरवरच साचलेला भुसा आणि त्यातले चार दाणे. उंदीर शोधण्याआधी ती पंधरा पावलं चालून बघा. माझ्या मते निम्मं काम तिथेच होतं, आणि नेमकं तेच कोणी करत नाही, कारण झाडू मारण्यापेक्षा उंदराच्या औषधाची बाटली विकत आणणं सोपं वाटतं.

(दृश्य: वायरचा तुकडा, बोटांच्या चिमटीत.)

ही वायर बघा. आवरण गेलंय, तांबं उघडं पडलंय, आणि कडेला दोन-दोन समांतर खाचा. उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढतात, त्यामुळे कुरतडणं त्याला चुकत नाही. वायर तो खात नाही. चावतो आणि भुगा तिथेच टाकून देतो. नव्या वायरींच्या आवरणात सोयाबीन असतं म्हणून उंदीर येतात, अशी गोष्ट तुम्ही ऐकली असेल. पण जुन्या साध्या प्लॅस्टिकच्या वायरीही त्यांनी कधी सोडल्या नाहीत.

वायर तुटली तर निदान कळतं. मूत्र कनेक्टरमध्ये गेलं, तर पिना गंजतात आणि दोष येतो-जातो. आज डॅशबोर्डवरचा इशाऱ्याचा दिवा लागला, उद्या नाही. मिस्त्री सेन्सर बदलतो, दिवा परत लागतो. डोंगर पोखरून उंदीर निघतो म्हणतात. इथे उंदराने पोखरलं की खर्चाचा डोंगर निघतो.

आणि आग. दोन उघड्या वायरी एकमेकींना टेकल्या, किंवा वाळलेलं गवत तापलेल्या मॅनिफोल्डवर पडलं, तर पेटायला वेळ लागत नाही. ओझं ओढणाऱ्या डिझेल इंजिनातून निघणारा धूर काहीशे अंश सेल्सिअसपर्यंत तापतो. म्हणून ट्रॅक्टर बरेच दिवस उभा राहणार असेल, तर बॅटरीची निगेटिव्ह केबल काढून ठेवावी.

(दृश्य: टेबलावर मांडलेल्या डांबरगोळ्या, पुदिन्याच्या तेलाची बाटली, आवाज काढणारं यंत्र.)

आता उपाय. आधी हे टेबल उरकून घेऊ. पुदिन्याचं तेल काही दिवसांत उडून जातं. डांबरगोळ्यांचा वास उघड्या इंजिनाभोवती टिकत नाही, आणि बंद केबिनमध्ये टिकतो तो चालवणाऱ्याच्याच छातीत जातो. कानाला न ऐकू येणाऱ्या आवाजाची यंत्रं असतात. त्यांचा आवाज समोरच्या वस्तूंना अडतो आणि उंदरांना त्याची सवयही होते. मिरचीतल्या कॅप्सेसिनची चिकटपट्टी मिळते, ती वायरींवर गुंडाळतात. वायर नवी टाकलीच असेल तर गुंडाळायला हरकत नाही. पण ती दातांपुरती. घर करायला ती अडवत नाही.

विषाबद्दल मी जरा कडक बोलणार. रक्त गोठू न देणारी विषं उंदराला मारायला काही दिवस घेतात. तेवढ्यात तो केबिनच्या हवेच्या नळीत जाऊन मरतो, आणि मग आख्खा डॅशबोर्ड खोलायची वेळ येते. मरायला टेकलेला उंदीर मांजराने किंवा गव्हाणी घुबडाने खाल्ला, तर आपला फुकटचा राखणदारही जातो.

(दृश्य: बॉनेट उघडं ठेवलेला ट्रॅक्टर, दिवसाउजेडी.)

याला पैसा लागत नाही. शेडमध्ये उभा असेल तेव्हा बॉनेट उघडं ठेवा. अंधार गेला, आडोसा गेला. उघड्यावर घर बांधायला उंदीर धजत नाही. ट्रॅक्टर भिंतीपासून आणि पेंढ्याच्या गंजीपासून दूर, गवत नसलेल्या जागेवर उभा करा. उभा करण्याआधी भुसा झाडून काढा, विशेषतः रेडिएटरपुढचा आणि बॅटरीच्या पेटीमागचा.

आठवड्यातून एकदा चालू करायचा, तर चांगला तापेपर्यंत चालवा आणि जागेवरून हलवा. पाच मिनिटं घुरघुरवून बंद केलात, तर उंदराला फक्त गरम गादी घालून दिलीत.

दीर्घ मुक्कामासाठी हवेच्या नळीचं तोंड 6 मिलिमीटरहून बारीक भोकांच्या धातूच्या जाळीने बांधा, सायलेन्सरवर पत्र्याचा डबा उपडा घाला. केबिनच्या तळातून वायरी, केबली जातात त्या फटींमध्ये तांब्याची जाळी कोंबा. लोखंडी घासणी गंजते आणि तिचे धागे झडतात. फटी भरायच्या फेसाचा स्प्रे तर उंदीर एका रात्रीत कुरतडेल. आणि जे जे बंद केलं, ते एका चिठ्ठीवर लिहून चिठ्ठी किल्लीला बांधा. जाळी विसरून सेल्फ मारणारे शहाणे मी पाहिलेत. त्यात एकदा मीही होतो.

उंदराचे चाप लावायचे ते भिंतीशी काटकोनात, आमिषाचं टोक भिंतीकडे, दोन-तीन मीटरवर एक. शिवाय चारी टायरांपाशी एकेक, कारण वर चढायची वाट तीच. आमिषाबरोबर कापसाचा धागा बांधून बघा. घर बांधणीच्या दिवसांत मादीला तोही मोहवतो.

(दृश्य: मास्क, हातमोजे, फवारणीची बाटली.)

सापडलेलं घरटं हवेच्या झोताने उडवू नका. लेंड्यांची धूळ श्वासात जाते, आणि उंदरांच्या मलमूत्रातून हंटाव्हायरस, लेप्टोस्पायरोसिससारखे आजार होतात. आधी दारं-खिडक्या अर्धा तास उघड्या ठेवा. मग एक भाग ब्लीच, नऊ भाग पाणी, असं फवारा, पाच मिनिटं भिजू द्या आणि ओलंच उचला. पत्र्यावरचं ब्लीच नंतर पुसून काढा.

(दृश्य: संध्याकाळ. टायरांभोवती जमिनीवर पांढरी टाल्कम पावडर भुरभुरवणारा हात. मग सकाळ.)

पावडरीवर पावलं उमटली आहेत. पुढच्या पायांची चार बोटं, मागच्यांची पाच, मधे शेपटीची पुसट रेघ. मागच्या टायरपर्यंत येतात, तिथे थोडी घुटमळतात आणि वळून डाव्या भिंतीकडे जातात, जिथे खाद्याच्या गोण्या ठेवल्या आहेत.

दोन चाप आता त्या भिंतीला.