चार सेकंदांचा खेळ

नमस्कार श्रोतेहो.

21 सप्टेंबर 2016. दक्षिण अमेरिकेतल्या कोलंबियात बुकारामांगा नावाचं शहर आहे. तिथल्या बंदिस्त क्रीडागृहात फुटसालच्या, म्हणजे छपराखाली पाचपाच जणांनी खेळायच्या फुटबॉलच्या, विश्वचषकातला बाद फेरीचा सामना चालू आहे, ब्राझील विरुद्ध इराण. तोवर सात विश्वचषक झाले होते आणि त्यातले पाच ब्राझीलने जिंकले होते. पहिल्या चारांत ब्राझील नाही, असं एकदाही घडलं नव्हतं. सामना 4-4 असा अडला, जादा वेळही संपला, टायब्रेकर झाला आणि इराणने तो 3-2 असा जिंकला.

आता जिंकल्यावर काय होतं, आपल्याला ठाऊक आहे. उड्या, आरोळ्या, एकमेकांच्या गळ्यात पडणं. तेही झालंच. पण त्यानंतर इराणच्या खेळाडूंनी हरलेल्या संघातल्या बारा नंबरच्या माणसाला उचललं आणि हवेत उडवून झेललं. त्या माणसाने त्यांच्याविरुद्ध नुकतेच तीन गोल केले होते. वय 39. त्याचा हा पाचवा विश्वचषक होता आणि विश्वचषकातला शेवटचा सामना. नाव आलेसांद्रो रोझा व्हिएरा, पण जग त्याला फाल्काव म्हणतं. पोर्तुगीजमध्ये फाल्काव म्हणजे ससाणा.

हा फाल्काव त्याआधी दोनच महिने आपल्याकडे येऊन गेला होता. जुलै 2016 मध्ये भारतात पाचपाच जणांची फुटसाल लीग झाली, त्यात तो चेन्नईकडून खेळला. गोव्याच्या संघात ब्राझीलचा प्रसिद्ध फुटबॉलपटू रोनाल्डिन्हो होता, त्यामुळे साहजिकच सगळ्यांच्या नजरा तिकडे वळल्या. फाल्काव कोण, हे आपल्यापैकी फार थोड्यांना कळलं. मला त्याची हळहळ अजून वाटते, कारण फुटसालच्या दुनियेत त्याचं नाव रोनाल्डिन्होच्याही वर आहे. विश्वचषकांत त्याचे 48 गोल आहेत. 2005 मध्ये साओ पावलोच्या मोठ्या क्लबाने त्याला अकरा जणांच्या फुटबॉलमध्ये नेलं होतं. काही महिन्यांतच तो आपल्या लाकडी मैदानावर परत आला. 2012 च्या विश्वचषकात, थायलंडमध्ये, पायाला दुखापत झालेली, त्यात चेहऱ्याच्या एका बाजूला लकवा. तरी अंतिम सामन्यात स्पेनविरुद्ध उतरला आणि बरोबरीचा गोल त्यानेच केला. जादा वेळेत त्याचा सहकारी नेटो याने गोल करून ब्राझीलला कप दिला.

तुम्ही म्हणाल, फुटसाल म्हणजे आमच्या गल्लीच्या टोकाला टर्फ आहे तेच ना? तासावर भाड्याने मिळतं, वरून जाळी, बाजूंनी जाळी, रात्री बारापर्यंत दिवे. ते मजेचं आहे, मुलं तिथे घाम गाळतात याचा मला आनंदच आहे. पण ते फुटसाल नव्हे. टर्फवर चेंडू जाळीला लागून परत येतो आणि खेळ पुढे चालू राहतो. फुटसालला जाळी नसते, रेषा असते. चेंडू रेषेबाहेर गेला की गेला. खाली गवत नसतं, कडक गुळगुळीत जमीन असते. आणि चेंडू वेगळा असतो: आकाराने लहान, आणि मुद्दाम कमी उसळणारा. दोन मीटरवरून सोडला तर पहिला टप्पा 50 ते 65 सेंटिमीटरच उठला पाहिजे, असा नियमच आहे. म्हणून तो पायापाशी राहतो. खेळाडू त्याला तळव्याखाली दाबून धरतो, ओढतो, फिरवतो. आपल्याकडे पोरांना पहिला ओरडा बसतो तो 'टोने मारू नको' असा, टो म्हणजे बुटाचं टोक. फुटसालमध्ये टोनेच मारतात, कारण पाय मागे घ्यायला वेळच नसतो.

वेळ. सगळा खेळ तिथे येऊन थांबतो. रेषेबाहेरून चेंडू आत घ्यायचाय, चार सेकंद. फ्री किक, चार सेकंद. कॉर्नर, तेच. गोलरक्षकाच्या हातात चेंडू आला तरी चारच सेकंद. पंच हात वर करून बोटांनी मोजतो. कबड्डी पाहत वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. तीस सेकंदांची चढाई, शेवटची पाच सेकंदं उरली की अख्खं पटांगण कसं श्वास रोखून धरतं, ते आपल्या अंगात आहे. कबड्डीसारखेच इथेही वीस वीस मिनिटांचे दोन डाव. पण चेंडू खेळात नसला की घड्याळ थांबतं, त्यामुळे वेळ काढायला म्हणून कुणी जमिनीवर लोळत पडत नाही.

आणि फाउल मोजले जातात. एका डावात संघाचे पाच झाले, की सहाव्यापासून समोरच्याला दहा मीटरवरून थेट किक. मध्ये भिंत उभी करता येत नाही, फक्त गोलरक्षक आणि किक मारणारा. डाव संपत आला की पाच फाउल झालेला संघ कसा हात आखडून बचाव करतो, ते पाहण्यासारखं असतं. मागे पडलेला संघ मग गोलरक्षकालाही पुढे आणतो, किंवा त्याच्या जागी पाचवा मैदानी खेळाडू उतरवतो. पाच विरुद्ध चार, आणि मागे गोल उघडा. एक पास चुकला की संपलं.

हा खेळ रचला उरुग्वेतल्या एका शिक्षकाने. हुआन कार्लोस सेरियानी, माँटेव्हिडिओ, 1930. त्याच शहरात त्याच वर्षी उरुग्वेने फुटबॉलचा पहिला विश्वचषक जिंकला होता, पोरांना फुटबॉलचं वेड लागलेलं, आणि मैदानं अपुरी. सेरियानी वायएमसीएत शिकवत. त्यांनी बास्केटबॉल, हँडबॉल आणि वॉटरपोलोचे नियम घेऊन फुटबॉल छपराखाली आणला.

फिफाचा पहिला फुटसाल विश्वचषक 1989 मध्ये नेदरलँड्समध्ये झाला. पुढे स्पेन दोनदा जिंकला, 2016 मध्ये अर्जेंटिना, लिथुआनियात 2021 मध्ये पोर्तुगाल, आणि 2024 मध्ये ताश्कंदला ब्राझीलने अर्जेंटिनाला 2-1 हरवून सहावा कप घेतला. बायकांना मात्र फार वाट पाहावी लागली. महिलांचा पहिला विश्वचषक 2025 साली, फिलिपिन्समध्ये. मधे 36 वर्षं गेली! तोही ब्राझीलनेच जिंकला.

परत इराणकडे येतो. तो विजय नशिबाचा नव्हता. फुटसालची आशियाई अजिंक्यपद स्पर्धा 1999 मध्ये सुरू झाली, तेव्हापासून 2024 पर्यंत इराणने ती तेरा वेळा जिंकली. 2016 मध्ये ब्राझीलनंतर त्यांनी पॅराग्वेला हरवलं, उपांत्य सामना रशियाकडून हरले, आणि पोर्तुगालला टायब्रेकरवर हरवून जगात तिसरे आले. अकरा जणांच्या विश्वचषकात इराण आजवर पहिल्या फेरीपलीकडे गेलेला नाही. पाच जणांच्या खेळात तो जगातल्या बड्यांपैकी आहे. ताश्कंदच्या विश्वचषकात तर अफगाणिस्तान आणि ताजिकिस्तानही पहिल्यांदा उतरले.

ताजिकिस्तानचं नाव मी मुद्दाम घेतो. भारताचा राष्ट्रीय फुटसाल संघ ऑक्टोबर 2023 मध्ये आशियाई पात्रता फेरी खेळला, ती दुशान्बेला, आणि यजमान होता ताजिकिस्तान. आपण त्या गटातून पुढे गेलो नाही. ते गेले, आणि वर्षाच्या आत विश्वचषकात पोहोचले.

आपल्याकडे जागा नाही, असं मला लोक सांगतात. म्हणून एक माप सांगतो. फुटसालचं मैदान 40 मीटर बाय 20 मीटर. गोल तीन मीटर रुंद, दोन मीटर उंच. आता तुमच्या जिल्ह्याच्या क्रीडा संकुलात हँडबॉलचं मैदान असेल, तर तिथे जाऊन मोजून पाहा. हँडबॉलचं मैदानही 40 बाय 20 आणि गोल तेवढाच. गोलसमोरच्या 'डी'ची रेषासुद्धा सहा मीटरवरच. नवीन काही बांधायचं नाही. चार नंबरचा, कमी उसळणारा एक चेंडू लागेल, आणि मोठ्याने चारपर्यंत मोजणारा एक पंच.