डिझेलचा ॲव्हरेज आणि घाटाचा उतार

(लांब पल्ल्याच्या नव्या ट्रकचालकांसमोर झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय, 'नव्या चालकासाठी आवश्यक कौशल्ये आणि कार्यपद्धती'. त्यात गाडीची तपासणी आहे, माल बांधणं आहे, कागदपत्रं आहेत, झोप आहे, वाटेत गाडी बंद पडली तर काय करायचं तेही आहे. सगळं सांगतो. पण आधी उतार घेतो, कारण बाकी कुठेही चुकलात तर सुधारायला थोडी सवड मिळते, घाटात ती मिळत नाही.

इथे किती जण आधी क्लीनर होते? हात वर करा. छान, निम्म्याहून जास्त. आता सांगा, उतार लागला की उस्तादाने, म्हणजे शिकवणाऱ्या जुन्या चालकाने, गाडी न्यूट्रल केलेली किती जणांनी पाहिलीय? हात वर यायला वेळ लागतोय. घाबरू नका, आरटीओचं कुणी बसलेलं नाही. (हशा) बघा, जवळपास तेवढेच हात.

मला यावरच बोलायचंय. उस्तादांबद्दल मला आदर आहे. माझ्या उस्तादांनी मला टायरवर टॉमी, म्हणजे लोखंडी दांडा, मारून आवाजावरून हवा ओळखायला शिकवलं. जोडीतल्या आतल्या टायरची हवा गेली असेल तर डोळ्याला दिसत नाही, टॉमीचा आवाज बद्द येतो. कसाऱ्याला उतरायच्या आधी इगतपुरीला ते गाडी थांबवायचेच. कितीही घाई असो. चहा घ्यायचे, गाडीला पूर्ण फेरी मारायचे, प्रत्येक चाकाच्या ब्रेक ड्रमजवळ हात नेऊन कुठलं जास्त तापलंय ते बघायचे. एक चाक बाकीच्यांपेक्षा गरम म्हणजे तिथला ब्रेक धरून राहतोय किंवा बेअरिंग बोलतंय. ही विद्या कुठल्या शाळेत मिळत नाही. पण तीच माणसं दुसऱ्या उतारावर गिअर काढून टाकायची, कारण डिझेल. हे का, ते मला फार उशिरा कळलं, आणि ते रस्त्यावर नाही, ऑफिसात कळलं.

एका मालकाच्या ऑफिसात भिंतीवर यादी लावलेली असायची. गाडी नंबर, चालक, खेप, डिझेल, ॲव्हरेज. ठरलेल्या ॲव्हरेजपेक्षा जास्त डिझेल लागलं की चालकाच्या पगारातून कापायचे. कमी लागलं तर उरलेलं त्याचं. आता तुम्हीच सांगा, ज्याला घरी पैसे पाठवायचेत तो खंबाटकीच्या माथ्यावर काय विचार करणार? ब्रेकच्या लायनरचा, म्हणजे ड्रमला घासून चाक थांबवणाऱ्या पट्टीचा, की यादीचा? वर त्या यादीत चढ वेगळा नाही, ट्रॅफिक वेगळं नाही, लोडिंगला दिवसभर इंजिन चालू ठेवून रांगेत थांबलेला वेळ वेगळा नाही. सगळं त्या एका आकड्यात. मी तेव्हा चालकांना शिकवायचं काम घेतलं होतं आणि ओरडून ओरडून सांगायचो, गिअरमध्ये उतरा. ते मान हलवायचे आणि वळणामागे गेले की न्यूट्रल.

मग मी मालकालाच म्हटलं, शेठ, एकदा केबिनमध्ये बसा. नवी गाडी होती, पुढच्या पडद्यावर त्या क्षणाला किती डिझेल जातंय ते दिसायचं. साताऱ्याकडून येताना नवीन कात्रज बोगदा सुटला की नवले पुलापर्यंत सलग उतार आहे, तो तुम्हाला माहीत आहेच. मी आधीच खालचा गिअर टाकला, ॲक्सिलरेटरवरून पाय काढला. पडद्यावर शून्य. शेठ म्हणाले, बिघडलंय. म्हटलं, नाही. गाडी गिअरमध्ये असते आणि पाय वर असतो तेव्हा चाकंच इंजिनाला फिरवतात, मग इंजिनाला डिझेलची गरज नसते, संगणक पुरवठा बंद करतो. न्यूट्रल केलं की इंजिनाला स्वतःला जागं ठेवायला डिझेल लागतंच. म्हणजे तुम्ही डिझेल वाचवायला न्यूट्रल करायला लावता, आणि डिझेल न्यूट्रलमध्येच जातं. जुन्या पंपाच्या इंजिनातही डिझेलचं माप राखणारा गव्हर्नर पाय काढल्यावर पुरवठा तोडायचा. बीएस-4 आणि 2020 पासूनच्या बीएस-6, म्हणजे नव्या प्रदूषण नियमांच्या, गाड्यांत तर हे काम इलेक्ट्रॉनिक आहे.

कुणी म्हणेल, न्यूट्रलमध्ये गाडी लांब धावते, मग फायदा नाही का? सपाटीजवळच्या हलक्या उतारावर थोडी धावेलही. पण घाटात तुम्हाला ती धाव वापरता येते का? पुढे वळण आहे, पुढे टँकर आहे. ती धाव तुम्ही ब्रेक दाबून मारताच. म्हणजे मिळालेला वेग लायनरमध्ये जाळायचा आणि लायनरचा खर्च वेगळा.

शेठना पटलं. खरंच पटलं, नवले पुलाखाली उतरून त्यांनी स्वतः चहा मागवला. पण यादी भिंतीवर तशीच राहिली. हिशेबनीस म्हणाले, आकडा नसेल तर चोरी कशी पकडायची? डिझेलचोरी होते हे मलाही मान्य आहे. पण चोरी पकडायला लावलेला सापळा चालकाला दरीच्या कडेला उभा करत असेल तर तो बदलायला हवा. आज इथे मागच्या रांगेत काही मालकही बसलेत, म्हणून हे मुद्दाम बोलतोय. कपात बंद करा. गाडीचा संगणक सगळं सांगतो: कोण किती वेळ न्यूट्रलमध्ये होता, किती वेळा जोरात ब्रेक मारला. तो तपशील काढा आणि गिअरमध्ये उतरणाऱ्याला बक्षीस द्या.

आता हे इतकं महत्त्वाचं का, ते आकड्यांत सांगतो. तीन आसांची, दहा चाकांची गाडी, पूर्ण भरलेली, 28.5 टन. ती 300 मीटर उंचीवरून खाली आली, तर दोन लिटरहून जास्त डिझेल जाळल्यावर जेवढी उष्णता निघेल, तेवढी ऊर्जा तुम्हाला कुठेतरी घालवायची असते. अडीचशे लिटर पाण्याला उकळी येईल एवढी. गिअरमध्ये असाल तर त्यातला मोठा भाग इंजिन खातं, एक्झॉस्ट ब्रेक, म्हणजे धुराची वाट अडवून इंजिनाला मंद करणारा ब्रेक, तो खातो. न्यूट्रलमध्ये हवेचा थोडा अडथळा सोडला तर सगळी उष्णता ड्रममध्ये. ड्रम तापला की फुगतो, लायनरपासून लांब जातो, लायनरची पकड सुटते. पाय पूर्ण खाली आहे, ब्रेकच्या टाकीत हवा भरपूर आहे, आणि गाडी थांबत नाही. चालक म्हणतो ब्रेक फेल झाला. तो घाटात उतरायच्या आधी ठीकच होता.

आणि इंजिन बंद करून उतरणारे? ब्रेकसाठी हवा भरणारा कॉम्प्रेसर बंद, म्हणजे टाकीत जेवढी हवा उरली तेवढेच ब्रेक. चार-सहा वेळा दाबले की बझर वाजतो. पॉवर स्टिअरिंगही जातं, वळणावर चक्र दोन्ही हातांनी हलत नाही. 2022 च्या नोव्हेंबरमध्ये नवले पुलाजवळ एका जड गाडीने कितीतरी गाड्या ठोकल्या, ते तुमच्या मोबाइलवरही आलं असेल. उतारावर इंजिन बंद केल्याचं प्राथमिक तपासात पुढे आलं, असं तेव्हा बातम्यांत होतं. 2023 च्या जुलैमध्ये धुळे जिल्ह्यात पळासनेरला, बिजासन घाटाच्या खालच्या अंगाला, कंटेनर सुटला आणि दहा माणसं गेली. तिथले लोक बसची वाट बघत उभे होते.

तर पद्धत ऐका. गिअर उताराच्या आधी टाकायचा, माथ्यावर, वेग कमी असताना. ज्या गिअरमध्ये हाच घाट भरल्या गाडीने चढलो असतो, तो गिअर, किंवा त्याहून एक खालचा. उतारावर मध्येच खालचा गिअर शोधायला गेलात तर निघतो आणि परत बसत नाही, मग नको असताना न्यूट्रल होतं. एक्झॉस्ट ब्रेक चालू ठेवा, तो इंजिनाच्या फेऱ्यांवर काम करतो, पण काटा लाल पट्ट्यात जाऊ देऊ नका. पायाचा ब्रेक सतत हलका धरून ठेवायचा नाही. ठरवलेल्या वेगाच्या वर गेलात की एकदा नीट दाबा, वेग चांगला खाली आणा, आणि पाय पूर्ण उचला. दोन दाबण्यांमध्ये ड्रमला श्वास घेऊ द्या. जळका वास आला की सुरक्षित जागी थांबा, चाकांना ठोकळे लावा आणि थांबून राहा. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नका, ड्रमला तडा जातो.

हे करूनही गाडी सुटलीच, तर हॉर्न आणि दिवे चालू ठेवा, दरीच्या बाजूला नको, डोंगराच्या बाजूला, मातीत, गटारात घाला. गाडी गेली तरी चालेल.

(घड्याळ दाखवलं जातं.) हो, दहा मिनिटं म्हणताय. बरं, बाकीचं घाईने घेतो, राहिलेलं बाहेर विचारा.

तपासणी. सकाळी गाडी सुरू केली की हवेचे दोन्ही काटे वर येईपर्यंत हलायचं नाही. हवेच्या टाकीतलं पाणी रोज काढायचं. दिवे, टायर, स्टेपनी, फाळक्याची कडी. मागे जाताना क्लीनर उतरवा, आणि क्लीनर साइडच्या आरशात दुचाकी दिसत नाही हे कायम ध्यानात ठेवा.

माल. लोखंडी कॉइल दोराने बांधायची वस्तू नाही. खाली लाकडी पाचर, वर साखळी. कंटेनर गाडीला जखडणारे चारही कोपऱ्यांचे ट्विस्ट लॉक न्हावाशेवा बंदराच्या गेटबाहेर पडण्याआधी स्वतः हाताने बघायचे, क्लीनरने सांगितलं म्हणून पुरत नाही. निघाल्यावर पहिल्या तासाभरात थांबून रस्सा, साखळी पुन्हा ताणायची, माल बसतो आणि बांधणी सैल होते. जादा माल नको. वीस हजार दंड आणि वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार. वजनकाट्याची पावती जपून ठेवा.

कागद. आरसी, विमा, फिटनेस, परमिट, पीयूसी, बिल्टी म्हणजे मालाची वाहतूक पावती, आणि ई-वे बिल म्हणजे जीएसटीचा मालवाहतुकीचा ऑनलाइन कागद. ई-वे बिलाला साधारण मालासाठी 200 किलोमीटरमागे एक दिवस मिळतो. गाडी बंद पडली तर लगेच ऑफिसला कळवा. मुदत संपायच्या आधीचे आठ तास आणि नंतरचे आठ तास, एवढ्यातच वाढवून मिळते.

झोप. 1961 चा मोटार परिवहन कामगार कायदा, जो 2025 मध्ये नव्या कामगार संहितेत विलीन झाला, दिवसाला आठ तास काम आणि पाच तासांनी किमान अर्धा तास विश्रांती सांगायचा. रस्त्यावर ते पाळलं जात नाही, आणि हा मोठा अन्याय आहे, त्यावर वेगळं बोलायला हवं. निदान पहाटे दोन ते पाच गाडी उभी करा. जांभई तिसऱ्यांदा आली की चहा नको, झोप घ्या. 2025 पासूनच्या नियमाने नव्या मोठ्या ट्रकना वातानुकूलित केबिन सक्तीची आहे. मालकाने नवी गाडी घेतली असेल तर एसी बंद ठेवायला सांगू देऊ नका. तो हुकूमही ॲव्हरेजच्याच यादीतून येतो.

बंद पडलेली गाडी. चारही इंडिकेटर, आणि त्रिकोण बराच मागे. वळण असेल तर वळणाच्या आधी. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी 1033 ला फोन करा. दगड आणि फांद्या ठेवल्यात तर निघताना त्या उचला. मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला रात्री तो दगड दिसत नाही. हे मी प्रत्येक ठिकाणी सांगतो आणि प्रत्येक घाटात दगड पडलेले दिसतात.

प्रश्न बाहेर घेऊ. पटांगणात दहा चाकी उभी केलीय, भरलेली. चार-चार जण या. टाकीतलं पाणी कसं काढायचं ते दाखवतो, मग खालच्या गिअरमध्ये पाय उचलल्यावर पडद्यावर किती आकडा येतो ते प्रत्येकाने स्वतः बघायचं. मागच्या रांगेतल्या मालकांनी आधी या.