क्रिएटिनिन एकच, डोस वेगळा

श्रोतेहो, नमस्कार.

नौपाड्यातल्या एखाद्या लॅबमधून दोन रिपोर्ट आले असं समजा. एक 28 वर्षांच्या तरुणाचा, दुसरा 72 वर्षांच्या आजींचा. दोन्हींत क्रिएटिनिन, म्हणजे किडनी रक्तातून गाळून टाकते तो टाकाऊ पदार्थ, 1.4. पण वय आणि स्त्री-पुरुष हा फरक धरून ईजीएफआर, म्हणजे किडनी किती वेगानं रक्त गाळते याचा अंदाज, काढला, तर तरुणाचा साधारण 70 भरतो, आजींचा 40. औषधाचा डोस ठरवताना नुसतं क्रिएटिनिन पाहून भागत नाही. किडनीचा जुना आजार असेल तर फाइलच्या पहिल्याच पानावर तारखेसह ईजीएफआर लिहून ठेवा.

मधुमेहावरच्या मेटफॉर्मिनचंच बघा. ईजीएफआर 45 च्या खाली आला की दिवसाला साधारणपणे 1000 मिलिग्रॅमच्या वर जात नाहीत, 30 च्या खाली ती बंद. ती किडनी खराब करते म्हणून नव्हे. हा गैरसमज घरोघरी आहे. ती लघवीवाटे बाहेर पडते, किडनी थकली की रक्तात साठते. नागिणीवरची व्हॅलासायक्लोव्हिर आणि पायांच्या आगीवरची प्रीगॅबालिन यांचंही तसंच. डोस कमी केला नाही, तर आजी भलतंच बरळतात, झोकांड्या खातात आणि घरचे म्हणतात, वय झालं.

खरा घात मात्र चिठ्ठीबाहेरच्या गोळीनं होतो. गुडघा दुखला, मेडिकलमधून गोळी आणली. स्ट्रिपवर पॅरासिटामॉल दिसलं की आपण निर्धास्त. शेजारीच ॲसिक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन हे दुसरं वेदनाशामक छापलेलं असतं, ते कोण वाचतो? या दुसऱ्या वेदनाशामकांनी किडनीच्या चाळणीत रक्त आणणारी नळी आवळली जाते. बीपीसाठी टेल्मिसार्टन चालू असेल तर बाहेर नेणारी नळी सैल झालेली असते. त्यात लघवीच्या गोळीनं शरीरातलं पाणी कमी केलेलं. तिन्ही जुळले की चाळणीतला दाबच पडतो. दुखण्यावर नुसती पॅरासिटामॉल बरी.

पावसाळ्यात ठाण्यात जुलाब-उलट्यांची साथ आली, की शरीरातलं पाणी जाऊन हाच धोका वेदनाशामकाशिवायही उभा राहतो. अशा दिवसांत टेल्मिसार्टन, लघवीची गोळी, मेटफॉर्मिन, मधुमेहावरचीच डापाग्लिफ्लोझिन यांतलं काय तात्पुरतं थांबवायचं, हे डॉक्टरांकडून आत्ताच, बरं असताना, लिहून घ्या. इन्शुलिन मनानं बंद करू नका. खाणंपिणं पूर्ववत झालं की साधारण 24 ते 48 तासांनी थांबवलेल्या गोळ्या पुन्हा सुरू करतात. लोक नेमकं हेच विसरतात आणि महिनाभरानं बीपी 180 घेऊन येतात.