वाळवंटासाठी गाडी निवडताना आधी वजनाचा हिशोब

मंडळी, लांबच्या वाळवंटी मोहिमेसाठी गाडी कोणती घ्यायची म्हटलं की गप्पा लगेच इंजिनावर जातात, किती हॉर्सपॉवर, किती टॉर्क वगैरे. मी म्हणतो ते नंतर बघू, आधी कागद-पेन घ्या आणि सोबत काय काय न्यायचंय त्याचं वजन काढा, कारण वाळूत गाडी रुतते ती बहुतेक वेळा वजनामुळेच.

समजा मधे 1000 किलोमीटर पंप नाही. डांबरी रस्त्यावर 100 किलोमीटरला 12 लिटर पिणारी गाडी मऊ वाळूत आरामात 20 पिते, म्हणजे 200 लिटर झालं, वर हाताशी 50 ठेवायचंच, असं 250 लिटर डिझेल, म्हणजे साधारण 210 किलो. पाणी तिघांना दहा दिवस रोज 6 लिटर धरलं तर 180, आणि राखीव 40, म्हणजे 220 किलो. तीन माणसं 225. झाले की साडेसहाशे! अजून दुसरी स्टेपनी, जॅक, हत्यारं, कॉम्प्रेसर, तंबू, खाणं यातलं काहीच धरलेलं नाहीये. आणि बऱ्याच आलिशान फोर बाय फोर गाड्यांची वाहून न्यायची क्षमताच 600-700 किलोच्या आसपास असते. त्यात लोक हौसेने लोखंडी बंपर, विंच (रुतलेली गाडी ओढून काढायचं दोराचं यंत्र) आणि टपावरचा तंबू लावतात, म्हणजे सामान भरायच्या आधीच दीडशे किलो संपले. टपावर तर शक्यतो काहीच जड नको, वाळूच्या तिरक्या उतारावर गाडी कलंडते ती त्यानेच.

राल्फ बॅग्नॉल्ड हा ब्रिटिश लष्करी अधिकारी आणि त्याचे साथीदार 1930 च्या आसपास लिबियन वाळवंटात फिरले ते फोर्ड मॉडेल ए घेऊन, जेमतेम 40 हॉर्सपॉवर, आणि ताकद फक्त मागच्या दोन चाकांना! त्यांनी गाड्या हलक्या केल्या, टायरमधली हवा कमी केली, रुतलेल्या चाकाखाली घालायला लोखंडी पट्ट्या नेल्या, रेडिएटरची वाफ डब्यात थंड करून पाणी परत वापरलं. मला हे फार मोठं वाटतं, कारण आजही वाळूत हेच सगळं कामाला येतं.

हवेचंच बघा. रस्त्यावर 35 पीएसआय असलेला टायर वाळूत 16-18 वर आणला की खाली बसतो आणि जमिनीला टेकलेला त्याचा पट्टा लांब होतो, रुंदीत फारसा फरक पडत नाही, लांबीत पडतो. वजन जास्त जागेवर पसरतं आणि चाक खणत खाली जायच्या ऐवजी वर तरंगतं. पण पुढे दगडाळ पट्टा लागला की हवा परत भरायची, नाहीतर टायरची बाजू फाटते. म्हणून गाडी बघताना मी आधी टायरचा साइझ बघतो, बाजू उंच असलेला टायर आणि छोटी रिम पाहिजे, चकचकीत 20 इंची रिमवर हवा काढायला वावच राहत नाही.

गिअरबॉक्सच्या बाबतीत माझं मत ऑटोमॅटिकच्या बाजूने आहे, मऊ वाळूत गिअर बदलताना क्लच दाबला की गाडीचा वेग मरतो आणि तिथेच ती बसते. लो रेंज, म्हणजे हळू पण जास्त जोर लावून चालायचे गिअर, पाहिजेच, मागचा डिफ लॉक, म्हणजे मागची दोन्ही चाकं एकत्र फिरवणारी सोय, असला तर उत्तम.

इंजिन मात्र जितकं साधं तितकं बरं. नवीन डिझेल गाड्यांचे धूर गाळणारे फिल्टर कमी सल्फरच्या इंधनावर चालतात आणि दूरच्या भागात तसं डिझेल मिळेलच असं नाही. 1984 पासून बनत असलेली लँड क्रूझर 70 सिरीज आफ्रिकेत, ऑस्ट्रेलियात एवढी दिसते ती याच कारणाने, पार्ट मिळतात आणि दुरुस्त करणारा माणूस सापडतो. आखातात संध्याकाळी टेकड्यांवर गाड्या उडवणारे मोठी पेट्रोल इंजिनं पसंत करतात, ते त्यांच्यासाठी बरोबर आहे, रात्री ते घरी असतात!

गाडी ठरली की पूर्ण भरून, टाक्या काठोकाठ करून, माणसं बसवून वजनकाट्यावर न्या आणि पुढचा-मागचा ॲक्सल, म्हणजे चाकांचा आस, वेगवेगळा तोला. एकूण वजन मर्यादेत असलं तरी मागचा ॲक्सल बऱ्याचदा मर्यादेच्या वर निघतो, कारण टाक्या, पाणी, स्टेपनी सगळं मागेच. पाण्याचे कॅन पुढच्या सीटमागे खाली फरशीवर घ्या आणि पुन्हा तोला.