तीन आकडे आणि एक उतारा

(दृश्य : कल्लोळ-यडूर बंधारा. जुलैचा गढूळ प्रवाह.)

कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, चिकोडी तालुक्यात कल्लोळजवळ दूधगंगा कृष्णेला मिळते. वेदगंगा त्याआधीच दूधगंगेत आलेली असते. त्यामुळे राधानगरी-भुदरगडच्या डोंगरात दोन-तीन दिवस मुसळधार पाऊस झाला, की निपाणी, चिकोडी आणि कागवाड तालुक्यांतील मराठी गावांच्या शिवारात पाणी शिरते, मग गावात स्वतःचा पाऊस पडलेला असो वा नसो.

कोयनेतून किती क्युसेक सोडले, वरच्या अंगाला शिरोळ तालुक्यातल्या राजापूर बंधाऱ्यावरून किती येत आहे आणि खालच्या आलमट्टी धरणातून किती पुढे जात आहे, या तीन आकड्यांकडे पावसाळ्यात काठावरच्या घराघराचे लक्ष असते. घर केव्हा सोडायचे, हे मात्र आकडे सांगत नाहीत. २००५ च्या पुराची भिंतीवरची खूण हाच अनेकांचा अंदाज होता, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये तो अंदाज चुकला. यमगर्णीजवळ वेदगंगेचे पाणी पुणे-बंगळूर महामार्गावर आले. जुलै २०२१ मध्ये पुन्हा तेच घडले. तरीही माणसे शेवटच्या घटकेपर्यंत हलत नाहीत. हा हट्ट नव्हे. दावणीला दुभती म्हैस असते, आणि निवारा केंद्रात माणसांची सोय झाली तरी वैरणीची होतेच असे नाही.

(दृश्य : ओसरलेल्या पाण्यात कुजलेला ऊस.)

पाणी ओसरल्यावर कागदांचा काळ सुरू होतो. भरपाई उताऱ्यावरच्या नावाला मिळते. उतारा आजोबांच्या नावावर आणि भाऊहिस्सा तोंडी ठरलेला असेल, तर कसणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. वाट्याने शेती करणाऱ्याचे किंवा शेतमजूर बाईचे नाव तर कुठेच नसते. त्यात उतारा आणि नोटीस कन्नडमध्ये येते. पंधरा टक्क्यांहून अधिक अल्पभाषिक असलेल्या भागात सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, हे संरक्षण देशाने मान्य केले आहे. पुराच्या काळात ते पाळले जाणे हा भाषेच्या अभिमानापेक्षा जिवाचा प्रश्न आहे, असे आम्हाला वाटते.

बेळगाव जिल्ह्यातल्याच खानापूरकडे ताण निराळा आहे. तेथे मृगाच्या भरवशावर भाताची धूळवाफ, म्हणजे पावसाआधी कोरड्या मातीत, पेरणी होते. २०२३ सारखा जून कोरडा गेला, की उगवलेले कोंब करपतात आणि दुबार पेरणीचे कर्ज होते. शिवाय पाऊस लहरी झाल्याने सगळ्यांच्या शेताला वाफसा, म्हणजे कामाजोगी ओल, एकाच दोन-तीन दिवसांत येतो. आज तुझ्या शेतात, उद्या माझ्या, असा चालणारा भांगलणीचा, म्हणजे तण काढण्याचा, पैरा त्यामुळे मोडतो, आणि तरुण मुले पुण्या-गोव्याला कामाला गेलेली असल्याने मजुरीनेही हात मिळत नाहीत.

(दृश्य : कृष्णाकाठचे जुने घर. जून.)

उंचावर घरासाठी जागा मिळाली, तरी शेत, गोठा आणि मोटारपंप नदीकाठीच राहतात. म्हणून नव्या जागेतले माणूस दूध काढायला रोज खाली येते, आणि पाऊस लागण्याआधी जुन्या घरातली जोंधळ्याची पोती माळ्यावर चढवून ठेवते.