हात मागे जात नाही

(स्वयंपाकघर. सकाळ.)

फळीवरचा रव्याचा डबा काढायला ताईंचा उजवा हात वर जातो आणि अर्ध्यावर अडतो. मग डबा डाव्या हाताने निघतो. चार महिने झाले. उशी बदलून झाली, बाम चोळून झाला, 'वायू धरलाय' हे शेजारणीचं निदानही ऐकून झालं.

खुब्याची वाटी खोल असते; खांद्याची बशीसारखी उथळ. दंडाच्या हाडाचा गोळा तिच्यावर नुसता टेकलेला. म्हणून तर हात चहूकडे फिरतो. गोळ्याला जागेवर धरतात चार छोटे स्नायू. त्यांना मिळून म्हणतात रोटेटर कफ.

(दवाखाना.)

"हात वर करा बघू." जेमतेम खांद्याइतका जातो. "आता सैल सोडा, मी उचलतो."

सगळी मेख या दुसऱ्या वाक्यात आहे. डॉक्टरांच्या हातून तो वर गेला, तर संशय कफवर. स्नायूचा बंध सुजलाय, झिजलाय, नाहीतर फाटलाय. असा खांदा रात्री छळतो. त्या कुशीवर वळलं की झोप मोडलीच. पण डॉक्टरांनाही हात हलवता आला नाही आणि एक्स-रे स्वच्छ निघाला, तर सांध्याभोवतीचं आवरणच आखडलेलं असतं. फ्रोजन शोल्डर. हे नाव अमेरिकी शल्यविशारद अर्नेस्ट कॉडमन यांनी १९३४ साली दिलं. चाळिशी ते साठीच्या दरम्यान हा गाठतो, बायकांना जास्त, मधुमेह असला तर आणखीच. आधी ठणका, मग आखडणं, मग हळूहळू सुटणं. यात वर्ष-दोन वर्षं सहज जातात, कधी त्याहून जास्त. ब्लाउजचे मागचे हूक लावता येईनात, वेणी घालता येईना, तेव्हा कुठे घरच्यांना ते खरं वाटतं. आणि 'हात झोळीत घालून निजवून ठेव' हा प्रेमळ सल्ला? त्याने खांदा आणखीच आखडतो.

कधी खांदा बिचारा निर्दोष असतो. मान वळवली की कळ येते, बोटांपर्यंत मुंग्या जातात, तेव्हा दाबलेली नस मानेत असते. पित्ताशयातल्या खड्यांचं दुखणं उजव्या खांद्यात उमटतं, कारण श्वासपटलाची नस मानेतून निघते, जिथून खांद्याच्याही नसा निघतात. तेलकट जेवणानंतर दुखतं, आणि हात कसाही फिरवा, काही फरक पडत नाही. फुफ्फुसाच्या शेंड्यावरची गाठही क्वचित अशीच महिनोन्महिने खांद्यात दुखत राहते. विडी-सिगारेट ओढणाऱ्याने हे ध्यानात ठेवावं. डावा खांदा जिना चढताना भरून येत असेल, सोबत घाम, धाप असेल, तर बाम शोधत बसू नये. थेट इस्पितळ गाठावं.

(पुन्हा दवाखाना.)

ताईंचं कोपर कमरेला टेकवून डॉक्टर त्यांचा पंजा बाहेरच्या बाजूला वळवू पाहतात. इंचभर सरकतो, आणि ताईंचे ओठ घट्ट मिटतात.

डॉक्टर हात सोडतात, कागद ओढतात.

"ताई, साखर शेवटची कधी तपासली होती?"